कोरडी नळी

गाडीखालून दत्तारामचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांकडे बघत ग्रेगरी उभा होता. अंगात पोरीच्या लग्नाचा कोट, मनगटापर्यंत काळं तेल.

"झालं काय रे?"

"फिल्टर बसला. आता पेट्रोल आलं की देव पावला."

जुना फिल्टर फरशीवर पडला होता. टाकीतला गंज त्यात चहाच्या चोथ्यासारखा दाटला होता. दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या त्या जुन्या विलायती गाडीचा फिल्टर अख्ख्या अंधेरीत मिळाला नव्हता. शेवटी दत्तारामने टॅक्सीला लावतात तो आणून तारेने आवळला. सकाळपासून दोघं गाडीपाशीच होते.

ग्रेगरीने चावी फिरवली. इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली, तर आणखी हळू कण्हलं.

"पुरे! बॅटरी बसेल." दत्ताराम सरपटत बाहेर आला आणि चाकाला टेकून बसला. "पंप म्हातारा झालाय तुझा. कोरडी नळी त्याला ओढवत नाही. एकदा तोंडानं ओढून पेट्रोल फिल्टरपर्यंत आणलं, की पुढचं तो बघेल."

"मग ओढ ना."

दत्तारामने नळी उचलली, पण तोंडाला लावली नाही. आज निर्जळी एकादशी. संध्याकाळी नाहूरच्या देवळात कीर्तन होतं आणि बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद त्यानंच धरायचं होतं. देह थकला की देव आठवतो म्हणतात. त्याला मात्र दुपारपासून फक्त पाणी आठवत होतं.

पायरीवर ग्रेस आली. पांढरा झगा, हातात फुलं.

"काका, चालेल ना गाडी?"

"टॅक्सी बोलावू काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"नको." ग्रेस हळूच म्हणाली. "मम्मी याच गाडीतनं लग्नाला गेली होती. मम्मी नाही, निदान तिची गाडी तरी."

चर्चची पहिली घंटा झाली. ग्रेगरीने कोटाच्या बाह्या वर केल्या.

"आण ती नळी. तुझा उपास आहे, ठाऊक आहे मला."

"आणि तुझा नाही?"

ग्रेगरीचाही होता. चर्चमधला कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या आधी तासभर पोट रिकामं असलं की पुरे, असं फादर केव्हापासून सांगत होते. पण या घरात त्याच्या मोठ्या बहिणीचा, उर्सुलाचा, जुनाच कायदा चाले. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

"पेट्रोल म्हणजे काय पेज आहे? थुंकेन मी," ग्रेगरी म्हणाला.

"अरे, जन्म गेला माझा गाड्यांचं पेट्रोल ओढून थुंकण्यात. थोडं तरी आत जातंच. आज पोरीच्या शेजारी गुडघे टेकून तू प्रसाद घेणार. तू नाही ओढायचं."

"आणि तू पेट्रोल पिऊन अभंग म्हणणार? देऊळ पेटवशील, यार!"

दोघंही हसले, पण हसण्यात जोर नव्हता. नळीचं एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. दोघंही सोडायला तयार नाहीत.

"सोडा ती." उर्सुला पायरी उतरत होती. ठेवणीतलं लाल लुगडं, गळ्यात पोवळ्यांची माळ. "म्हातारे झालात, तरी पोरांसारखी ओढाओढी करता. मी ओढते."

"बाय, तू कशी ओढशील? तुझाही उपास..." ग्रेगरी म्हणाला.

"मोडला सकाळीच. परसात जेवणासाठी पिठाचे फुगे तळत होत्या ना बायका, वास आला, राहवलं नाही. चार खाल्ले, गरम गरम."

सगळे बघत राहिले. तोंडात एक जांभूळ सापडलं म्हणून भाच्यांना चर्चच्या दारातून मागे फिरवणारी बाई ती.

"बाय, तू?" ग्रेगरीला खरंच वाटेना.

"हां, मी. म्हाताऱ्या माणसाला भूक नसते काय?"

"चोर!" ग्रेस म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसली. "बाय फुगेचोर!"

"चोर तर चोर. झगा सांभाळ तुझा."

उर्सुलाने लुगडं गुडघ्यात खोचलं, गाडीशी बसली आणि नळी तोंडाला लावली. गालांचे खड्डे पडले. एकदा ओढलं, काही नाही. पुन्हा ओढलं. मग तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि फिल्टरच्या पोटात नारिंगी पेट्रोल चढलं.

दत्तारामने झटकन नळी जोडून क्लिप आवळली. "मार चावी!"

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. ग्रेसने झगा गोळा करून मांडीवर घेतला. बापाशेजारी बसून ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. वऱ्हाडही टाळ्या वाजवत चर्चकडे निघालं.

उर्सुला तिथेच फरशीवर बसून होती. दत्तारामने तांब्या आणून दिला.

"गेलं काय पोटात?"

"गेलं थोडं."

तिने चूळ भरून थुंकली. परत भरली, परत थुंकली.

"घोटभर पी, बाय. घसा जळत असेल."

"नको."

तेवढ्यात परसातून एका बाईची हाक आली, "उर्सुला बाय, तेल आता कुठं तापलं. फुग्यांचा पहिला घाणा सोडू काय?"

दत्ताराम तांब्याकडे बघत राहिला. उर्सुलाने पदराने तोंड पुसलं.

"सोड गो," ती म्हणाली. "पण हळू बोल."