सहावा टाक

कुंभिवलीच्या जयवंताबाईच्या देव्हाऱ्यात चांदीचे सहा टाक होते. पाच सोनाराकडून घडवलेले देव. सहावं मात्र कुठूनसं आलेलं जुनं नाणं, त्यावर दाढीवाल्या, मुकुट घातलेल्या पुरुषाचा चेहरा. सासूनं त्याला घराण्याचा मूळपुरुष मानून पुजलं, जयवंताबाईनंही तेच चालवलं.

बेचाळीस सालच्या दसऱ्याआधी ती टाक चिंचेनं घासत बसली होती. भिसेगावचे मधू मास्तर वाल्मिकचं पलटणीतलं पत्र वाचून दाखवायला आले. लेक इराणात होता, खुशाल होता.

नाणं निरखून मास्तर हसले. "जयवंताबाई, हा तुमचा पूर्वज नव्हे. इराणचा जुना राजा आहे."

"असंल. चाळीस वर्सं माज्या हातचा निवद खाल्लाय त्यानं. आता त्याच्या मुलखात माज्या पोराला सांभाळंल, नाय तर काय!"

मास्तर गेल्यावर तिनं टाक विहिरीच्या पाण्यात बुडवले. पाच गार निघाले. राजा हाताला कढत लागला.

पुन्हा बुडवला. कढतच.

ही धग तिच्या ओळखीची होती. वाल्मिक चार वर्षांचा असताना तापानं फणफणला, तेव्हा दिवसभर तिनं त्याच्या कपाळावर तळवा ठेवला होता. झोपेतही त्यानं तिचं बोट सोडलं नव्हतं.

तिनं नाणं मुठीत धरलं. "उतरंल रं बाळा, मी हाय ना."

उन्हं कलली तसा ताप उतरू लागला. तिला हायसं वाटलं. नाणं कोमट झालं, मग गार झालं.

आणि तिच्या उबदार मुठीत ते गार होतच राहिलं.