जयरामचं पिस्तूल

"प्लास्टिक?" यादवनं पिस्तूल दोन बोटांत धरून उचललं आणि परत काउंटरवर टाकलं. "शौकतभाई, बादल्या विकायला लागलात काय?"

शौकतभाई हसले नाहीत. त्यांनी पिस्तूल सरळ करून ठेवलं, नळी भिंतीकडे. शेजारी दुसरं होतं, जुनं, सगळंच्या सगळं पोलादाचं. ते यादवच्या थोरल्या भावाचं, जयरामचं. जयराम वारला तेव्हापासून दीड वर्ष ते शौकतभाईंच्या तिजोरीत जमा होतं. वारसाच्या नावानं परवाना येईपर्यंत ते कुणाला देता येत नव्हतं.

काल परवाना आला. आज यादव वहिनीला घेऊन दुकानात हजर होता.

वहिनी म्हणजे सुलाबाई. त्या दाराजवळच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. परवान्याचं पाकीट त्या पिशवीत होतं. कलेक्टर कचेरीच्या रांगेत उभं राहून त्यांनीच ते आणलं होतं. रांगेत उभं राहणं यादवला कमीपणाचं वाटे.

"एका परवान्यावर एकच मिळेल," शौकतभाई म्हणाले. "जुनं ठेवा, नाहीतर ते देऊन हे घ्या. एक डॉक्टर परदेशातून परत आलेत, त्यांनी विकायला ठेवलंय. पण घाई नको. आधी नीट समजून घ्या."

"खेळण्यात समजायचंय काय?"

"सांगाडा तेवढा प्लास्टिकचा. नळी, हा वरचा सरकणारा भाग, सगळं पोलादच. वजन कमी. घामानं गंजायची भीती कमी. पण हलकं म्हणून गोळी सुटताना हाताला झटका जास्त बसतो. जुनं जड आहे, झटका पचवतं. मात्र त्याला वेळच्या वेळी तेल लागतं." शौकतभाई सावकाश बोलत होते, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसं. "जयरामभाऊंचं बघा. पंधरा वर्षांत गंजाचा ठिपका नाही."

"भाऊ कुठला पुसतोय! वहिनी पुसायची. दर रविवारी. भांडी घासून झाली की हे घासायला घ्यायची." यादव स्वतःच हसला. "बायकांना काय, तवा काय नि पिस्तूल काय."

शौकतभाईंनी विषय बदलला.

"रोज कमरेला लावणार?"

"शनिवारी."

शनिवारी सातपूरच्या वर्कशॉपमध्ये पगार होई. जयराम बँकेतून पैसे घेऊन स्कूटरवर यायचा, कमरेला हेच पिस्तूल. गेटमधून आत आला की अकराही कामगार मशिनी बंद करून उभे राहत. तो गेल्यावर गेट तेच होतं, मशिनी त्याच होत्या, पण मालक कोण ते ठरत नव्हतं. यादवनं ऑफिसचं कुलूप बदललं होतं. एक लेथ मशीन विकून टाकली होती. वहिनीनं सिन्नरला माहेरी जावं, असं त्यानं तीनदा सांगून पाहिलं होतं. त्या गेल्या नव्हत्या. कामगार दोघांकडे बघत आणि खाली मान घालून काम करत. पिस्तूल लावून जो गेटमधून येईल, त्याचं वर्कशॉप, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"बाई, मनगटाला काय झालं?" शौकतभाईंनी विचारलं. सुलाबाईंच्या डाव्या हाताला पट्टी होती.

"जिन्यावरून पडली," यादव म्हणाला. "चालताना लक्ष नसतं. वर्कशॉप चालवते म्हणते आणि हिला जिना उतरता येत नाही."

शौकतभाईंनी पट्टी निरखून पाहिली. मग त्यांनी दोन्ही पिस्तुलं रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली आणि काउंटरच्या बाकाकडच्या टोकाला सरकवली.

"हात लहान असेल, दुखरा असेल, तर दोन्ही धरून बघावीत," ते म्हणाले. "कानानं ऐकून पिस्तूल निवडू नये."

"माझे हात लहान वाटतात तुम्हाला?" यादवनं पोलादी पिस्तूल उचललं, तळहातावर तोललं. "बास, ठरलं. वजन असलं पाहिजे हो. समोरच्याला नुसतं बघून कळलं पाहिजे. ते दुसरं ठेवा एखाद्या मास्तरणीसाठी." त्यानं पिस्तूल पँटच्या पट्ट्यात खोचलं आणि दुकानातल्या आरशात वळून पाहिलं. "वहिनी, बसलीस काय? पाकीट दे त्यांना."

सुलाबाईंनी उठून पाकीट दिलं. शौकतभाईंनी चष्मा लावला. परवाना वाचला. पुन्हा पहिल्या पानावर आले.

"यादवराव, ते खाली ठेवा."

"का?"

"परवान्यावर नाव सुलाबाई जयराम निकम आहे." ते बाकाकडे वळले. "बाई, कोणतं देऊ?"

शौकतभाईंनी काउंटरवर तळहात पसरला आणि पिस्तूल त्यात येईपर्यंत तो मागे घेतला नाही.

सुलाबाईंनी आधी प्लास्टिकचं उचललं, उजव्या हातात नीट धरून पाहिलं आणि ठेवलं. मग जुनं उचललं.

"हे चांगलंय, हलकंय," त्या पहिल्याकडे बघत म्हणाल्या. "पण जुनंच द्या, भाई. कामगारांच्या ओळखीचं आहे."

"कारकुनाची चूक झालीय!" यादव ओरडला. "अर्जावर मी सह्या केल्यात, चार ठिकाणी!"

"वाचून केल्या होत्या?" शौकतभाईंनी विचारलं.

"वाचायचंय काय त्यात? हिनंच भरला होता. घरातली कारकुनी हिच्याकडेच." त्याला हसू आलं. "आणि हिला कशाला देतील हो परवाना? हिच्या जिवाला कुणापासून धोका आहे?"

"तो रकाना असतो अर्जात, भाऊजी," सुलाबाई म्हणाल्या. "मी त्यात तुमचं नाव लिहिलंय. आणि मजकूर खरा आहे म्हणून त्याखाली साक्षीदाराच्या जागी तुम्ही सही केलीय."