तात्पुरता लोड

दिग्विजयने कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जुना एसएमपीएस, काढून टेबलावर ठेवला आणि जाळीतली धूळ फुंकली.

"ताई, तुमच्या नव्या ग्राफिक्स कार्डात काहीच दोष नाही. हा डबा साडेचारशे वॅटचा, तोही जुनाट. काम चढलं की कार्ड एकदम करंट ओढते आणि हा मान टाकते. म्हणून तुमची स्क्रीन काळी होऊन राहिली."

तो यवतमाळचा. नारायण पेठेतल्या दुकानातून येताना त्याने दोन नवी खोकी आणली होती, एक साडेपाचशेचं आणि एक साडेसातशेचं.

"हे कार्ड ठेवायचं तर साडेसातशेच लागन. लहान कार्ड बदलून घेतलं, तर साडेपाचशेत भागते जी. कार्डाचं बिल कालचंच आहे, दुकानात बदलून भेटन."

स्पृहा दोन्ही खोक्यांकडे बघत राहिली. बिल्डर लोकांच्या न बांधलेल्या इमारती ती पडद्यावर उभ्या करायची. त्यांच्या भोवतीची झाडं पुढे कुणी लावत नसे, पण तो तिचा दोष नव्हता. मोठं कार्ड चाललं तर हे काम घरून होणार होतं. नाही तर पुन्हा हिंजवडीचं ऑफिस, आणि सदाशिव पेठेतल्या या दोन खोल्यांत बाबा दिवसभर एकटे.

"आधी लोड सांगा," पलंगावरून बाबा म्हणाले. शरच्चंद्र वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरात कुणी साधा बल्ब बदलला तरी ते वॅट विचारत. आता नाकात नळी होती, त्यामुळे प्रश्न तुकड्यातुकड्यांनी येत.

"काका, साडेसातशेचा आहे म्हणजे साडेसातशे ओढन असं नाही..."

"ते मला शिकवू नका. ओढेल किती?"

"पूर्ण कम्प्युटर मिळून साडेचारशे. फार तर."

"पंखे, दिवे... वायफाय. दीडशे धरा. सहाशे झाले. आमचा इन्व्हर्टर... साडेआठशे पेलतो. लावा साडेसातशेचा."

दिग्विजय कोपऱ्यात बघू लागला. तिथे ऑक्सिजनचं मशीन थांबून थांबून उसासे टाकत होतं.

"काका, हे पण इन्व्हर्टरवरच आहे ना? हे एकटं साडेतीनशे खाते. लाइट गेली तर हे मशीन आन मोठं कार्ड दोन्ही एकदम नाही चालणार, लहान कार्ड असन तर भागन. इन्व्हर्टरच बसन."

"ते धरू नका. तात्पुरता लोड आहे तो."

"बाबा!"

"का? चार महिन्यांत मशीन निघेल... असं डॉक्टर म्हणाले ना? तूच सांगितलंस."

तिनेच सांगितलं होतं. डॉक्टर तसं काहीच म्हणाले नव्हते. त्यांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की मशीन आता शेवटपर्यंत लागेल, आणि तेही कमी पडत जाईल. घरी येईपर्यंत तिने त्याचे चार महिने केले होते. बाबांनी तेव्हा नुसती मान हलवली होती आणि चहा मागितला होता.

"मोठा इन्व्हर्टर घेऊन टाका ना काका," दिग्विजय म्हणाला. "टेन्शनच नाही."

"अहो, मांडवासाठी... कोणी ट्रान्सफॉर्मर बदलतं का?"

दिग्विजय हसला आणि मग त्याला आपण का हसलो ते कळेना.

"मला लहान कार्ड चालेल," स्पृहा घाईने म्हणाली. "पुरेल मला तेवढं."

"पुरत नव्हतं म्हणून तर हे आणलंस. चार महिन्यांसाठी... चार-पाच वर्षं चालणारी वस्तू परत करतेस?"

"गुरुवारी लाइट जाते, बाबा. कधी कधी दुपारपर्यंत येत नाही."

"पलंगाखाली सिलिंडर आहे की."

"तो तासभर पुरतो!"

"मग तासाभराने बघू." शरच्चंद्रांनी दम घेतला. ते तिच्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर मंडळातला जुना कडकपणा होता. "मशीन कायमचं असेल, तर गोष्ट वेगळी. मग ते लोडमध्ये धरावंच लागेल. आहे का कायमचं? तसं सांग, मोठा इन्व्हर्टर आजच मागवू."

खोलीत मशीनने दोनदा उसासा टाकला. दिग्विजय खाली वाकून स्क्रू वेचू लागला. स्पृहाला आधी बाबांचा राग आला, मग स्वतःचा. नुसतं 'हो' म्हणाली असती तरी भागलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "थोड्याच दिवसांचं आहे. साडेसातशेचा लावा."

दिग्विजयने तो बसवला, वायरी घट्ट केल्या. या खोलीत इन्व्हर्टरचा सॉकेट एकच होता आणि त्यात मशीनची पिन होती. तिला हात लावायला तो काही तयार होईना. शेवटी स्पृहाच वाकली. तिने पिन ओढून काढली. मशीन चिरक्या आवाजात ओरडलं. तिने पिन शेजारच्या साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या बोर्डात लावली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये कम्प्युटरची पिन गेली.

स्क्रीन उजळली. दिग्विजयने कार्डावर काम चढवून पाहिलं. पडद्यावर एक अख्खी इमारत फिरू लागली, बाल्कन्यांत ऊन, खाली झाडं. ती कुठेही अडकली नाही. जुन्या डब्याचा पंखा घरभर घरघरायचा. नवा फिरतोय की नाही, तेसुद्धा कळत नव्हतं.

"वा!" शरच्चंद्र उशीला टेकत म्हणाले. "काहीच आवाज नाही."

स्पृहाला कोपऱ्यातला तेवढा एकच आवाज ऐकू येत होता.