लाडक्या इंजिनाचे फोटो

वाफेच्या इंजिनांचं वेड असलेल्या मंडळींनी भरवलेल्या फोटोंच्या प्रदर्शनात सर्वांत लाडकं इंजिन म्हणून त्या जुन्या काळ्या धुडालाच भरभरून मतं पडली. त्याचे सगळे फोटो ड्रॉइंगच्या सरांनी काढलेले, त्यामुळे सरांना आज आभाळ ठेंगणं झालं होतं.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारी बाई बिचकतच त्यांच्याजवळ आली.

"ह्या इंजिनात कोळसा टाकायचे ना, ते माझे मिस्टर. गेल्या वर्षी गेले. घरी सांगायचे, दर रविवारी एक सर फोटो काढायला येतात. मग त्या दिवशी मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट द्यायचे. कोळशात जायचं आणि इस्त्री! शेजारणी हसायच्या." ती ओशाळली. "आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही हो. एखादा द्याल?"

"बघतो," सर कसंबसं म्हणाले. एखाद्या फोटोत तरी ते चुकून आले असतील, म्हणून घरी जाऊन त्यांनी माळ्यावरचे सगळे खोके उपसले. तीनशे फोटो निघाले, पण माणूस एकातही नव्हता.

 

असणार कुठून? दर वेळी बटण दाबण्याआधी सरच म्हणायचे, "काका, जरा बाजूला व्हा ना, इंजिन झाकलं जातंय."