नऊशे ग्रॅम

मीठ-पावाची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर जीभ झडो माझी!

पिरिनच्या डोंगरात एका रात्रीच्या मुक्कामाला निघालेला देतेलिन स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलत बसला होता. टूथब्रशची दांडी त्यानं अर्धी कापली, कपड्यांची लेबलंसुद्धा उसवली.

"नखंही काप रे, तेवढंच ओझं हलकं!" असं म्हणत त्याच्या आईनं, रुमेनानं, स्वतः विणलेला लोकरीचा जाड स्वेटर काट्यावर ठेवला.

"नऊशे ग्रॅम! अगं, सप्टेंबर चाललाय. मेंढी पांघरून जाऊ का?"

"सप्टेंबर आहे ते डोंगराला विचारलंस का? घे गुपचूप."

हसत हसत त्यानं स्वेटर सॅकमध्ये कोंबला. त्याच रात्री वर कमरेएवढं बर्फ पडलं. तिसऱ्या दिवशी रुमेना बघते तर देतेलिन दारात उभा! म्हणाला, "आई, तुझ्या मेंढीनं वाचवलं गं. घेवड्याचं सूप आहे का?"

 

बरं, एवढं एक पदरचं घातलं: स्वेटर त्यानं नेलाच नव्हता. तो अजून त्या काट्यावर तसाच आहे, रुमेना कुणाला हात लावू देत नाही.