खांबाजवळचा माणूस

तो माणूस आजही आला होता.

पांढुर्ण्यात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. मंडप भरत आला होता, वाद्यं लागत होती, आणि स्टेजच्या उजव्या खांबाला टेकून तोच उभा होता. काळा शर्ट, तिशीचं वय, हाताची घडी. हा तिसरा कार्यक्रम, आणि या माणसानं अजून एकदाही टाळी वाजवली नव्हती.

देवीदास गजभिये सौंसरचा. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून जानेवारीत रिटायर झालेला. चौदा एप्रिलला सौंसरच्या चौकात त्यानं पल्लवी सोमकुंवरला पहिल्यांदा ऐकलं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. तिनं रमाईवरचं गाणं धरलं आणि देवीदासला आपली आई आठवली, कापूस वेचून बोटं फाटलेली. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता. त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून तो लेकरासारखा रडला. पल्लवीनं ते पाहिलं आणि स्टेजवरूनच त्याला हात जोडले.

तेवढं पुरलं. पेटीवाल्याला चहा पाजून त्यानं तिच्या उन्हाळाभरच्या तारखा काढून घेतल्या. पोस्टरवरचा नंबर मोबाईलमध्ये घातला. रोज सकाळी तिला ‘जयभीम, बेटा’ पाठवू लागला. उत्तर यायचं नाही. कलावंताला कुठला आलाय वेळ, असं तो मनाशी म्हणे. मालती, त्याची बायको, एकदा म्हणाली की गाणं मोबाईलवरही ऐकू येतं, त्यासाठी बेचाळीस डिग्रीच्या उन्हात बसचे धक्के कशाला खायचे. तो नुसता हसला. मोबाईलमध्ये कोण हात जोडतं?

लोधीखेड्याला तो संत्र्याची पिशवी घेऊन गेला. कलावंतांना शाळेच्या एका खोलीत उतरवलं होतं, तिथं थेट दारात जाऊन उभा राहिला. तिनं पिशवी घेतली, थँक्यू काका म्हणाली आणि दार लोटून घेतलं. तेवढ्यावर त्याचे आठ दिवस सुखाचे गेले.

तिगावला मात्र सगळं बिघडलं. पल्लवी स्टेजच्या पलीकडच्या टोकाला उभी राहून गायली. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरली. पोरगी कशाला तरी भ्यायली आहे, हे देवीदासला लगेच कळलं. मग त्याचं लक्ष खांबाकडे गेलं. काळ्या शर्टातला तो माणूस स्टेजकडे पाहतच नव्हता. गाण्याला येऊन गाणाऱ्याकडे पाठ करणारा माणूस देवीदासनं जन्मात पाहिला नव्हता. त्याची नजर समोरच्या रांगांवरून फिरायची आणि देवीदासपाशी येऊन थांबायची. यानं आपल्याला ओळखलंय, देवीदासला वाटलं. आपण त्याला पाहिलंय, हे त्याला ठाऊक आहे.

घरी आल्यावर त्याला झोप लागेना. सकाळी त्यानं नेहमीच्या ‘जयभीम’ऐवजी लिहिलं, ‘बेटा, जपून राहा. एक जण तुझ्या मागावर आहे. तू कुठं जाते, कुठं उतरते, सगळं माझ्या लक्षात आहे.’ संध्याकाळी पाहिलं तर तिचा फोटो दिसेनासा झाला होता. मेसेजही पुढे जाईना. नंबर बंद करण्याइतकी भ्याली पोर, त्याला वाटलं.

सावरगावला कार्यक्रम संपताच तो तिच्या गाडीजवळ जाऊन थांबला. आज तोंडानंच सांगायचं. ती आली, त्याला पाहून जागच्या जागी थबकली, आणि धावत गाडीत शिरली. काच वर गेली. देवीदास काचेवर हात मारून ओरडला की बाई, माझं ऐक, फक्त एक मिनिट. त्यानं वळून पाहिलं तर काळा शर्टवाला अगदी पाठीशी उभा. म्हणजे पोरगी यालाच पाहून पळाली. गाडी जाम नदीच्या पुलाकडे निघून गेली आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो काही करायच्या आत देवीदास गर्दीत शिरला.

आणि आज पांढुर्णा. आज काही घडलं तर आयुष्यभर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही, असं देवीदासला वाटलं. तो उठला आणि मंडपामागे समितीच्या टेबलापाशी गेला. अध्यक्ष सुधाकर मेश्राम यादी पाहत बसले होते. देवीदासनं त्यांना सगळं सांगितलं. एक माणूस प्रत्येक गावाला येतो. पोरीच्या गाडीजवळ उभा राहतो. तिचे सगळे रस्ते त्याला पाठ आहेत. त्याच्यामुळं ती गाणं विसरते.

मेश्रामांनी यादी बाजूला ठेवली. “बरं झालं तुम्ही बोलले. तिनं कालच आमाले सांगतलं. ठाण्यातबी अर्ज देल्ला. तिचा मोठा भाऊ कामधंदा सोडून तीन कार्यक्रमांपासून संग फिरून राहिला. तो पाहा, खांबापाशी.”

देवीदासनं पाहिलं. काळा शर्ट. हाताची घडी.

मेश्राम चष्मा वर करून मोबाईल चाळत होते. “तिनं गाडीतून फोटो काढला त्या माणसाचा. अंधुक हाय, मले काही नीट दिसत नाही. तुम्ही पाह्यलं न त्याले? हाच का तो?”

मोबाईल देवीदासच्या हातात आला. काचेच्या आतून काढलेला फोटो होता. बाहेर एक म्हातारा काचेला खेटून उभा होता. डोळे वटारलेले, तोंड उघडं, पंजा काचेवर आपटलेला. तो चेहरा देवीदास रोज सकाळी आरशात दाढी करताना पाहत होता, पण असा त्यानं तो कधीच पाहिला नव्हता.

मंडपात पल्लवीनं रमाईचं गाणं धरलं. मेश्राम उत्तराची वाट पाहत होते.

“हो,” देवीदास म्हणाला. “हाच तो.”