रेघेवाचून नाव

पडद्यावर निळ्या रंगात मार्ग उमटला तेव्हा वर्षालीला वाटलं, आज आबांना बोलायला जागा नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरची पाटी होती. पितळेची, मोठी, रहिवाशांच्या नावांची. तिने आखलेल्या मार्गाने मशीन आधी सगळ्या नावांवरच्या रेघा कोरणार होतं. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. मग त्याच चालीने रेघांखालची अक्षरं. सुई मध्येच थांबवायला नको, रिकामी परत आणायला नको. मशीनजवळ कुणी थांबायलाही नको. बटण दाबायचं आणि घरी जायचं.

तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या वडिलांनी, गुणाजींनी, चष्मा कपाळावर सरकवला.

"रेघ आधी?"

"सगळ्या एकदम होतात, आबा. निम्मा वेळ वाचतो."

"वाचवून काय करायचाय? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये घालवायचाय?"

गुणाजी छिन्नीने नावं कोरायचे तेव्हा आधी अक्षरं कोरायचे, फुंकर मारून कीस उडवायचे, नाव एकदा वाचायचे आणि मग वर रेघ ओढायचे. मशीन आलं तरी क्रम तोच राहिला. प्रत्येक नावाची अक्षरं झाली की मशीन थांबलं पाहिजे. ते वाचणार, आणि रेघेचं बटण स्वतः दाबणार. पाटी संपेपर्यंत मशीनपाशी उभे.

"माणसाचं नाव आहे, बरणीवरचं लेबल नाही," ते म्हणाले. "वाचल्याशिवाय पुरं करायचं नाही. एवढं शिकलीस, हे कुणी शिकवलं नाही?"

मागे पाट्या कागदात गुंडाळत बसलेली सखुबाई मान खाली घालून हसली.

वर्षालीकडे उत्तर होतं. दर वेळी असायचं.

"बरं," ती म्हणाली.

तिने मार्ग पुसला, त्यांच्या क्रमाने पुन्हा लावला, प्रत्येक नावापाशी एक थांबा टाकला आणि पर्स उचलली.

"चाललीस?"

"हो."

"जा. जाताना तो कॉम्प्युटर पण घेऊन जा."

थोड्या वेळाने सखुबाईची सुट्टी झाली. डोंबिवली एमआयडीसीतले बाकीचे गाळे एकेक करून बंद झाले. वॉचमन दिवे बघत आला तेव्हा मशीनची सुई पाटीच्या वर थांबलेली होती आणि हिरवं बटण लुकलुकत होतं, कुणीतरी दाबायची वाट बघत. गुणाजी मशीनच्या पायाशी पडलेले होते.

तेरावं झाल्यावर साईनाथ गाळ्यात आला. वर्षालीचा मोठा भाऊ. आबा असताना त्याला इथल्या पितळेच्या वासाने शिंका यायच्या. आज त्याच्या हातात पाना होता.

पाटी मशीनवर तशीच आवळलेली होती. सगळी नावं पूर्ण होती. फक्त शेवटच्या 'काळुराम पाटील'वर रेघ नव्हती. अक्षरं सुटी सुटी उभी होती आणि वेलांटी अधांतरी लटकत होती.

साईनाथने पाना पहिल्या बोल्टला लावला.

"सोडू नकोस," वर्षाली म्हणाली. "पाटी हलली की रेघ जागेवर बसणार नाही."

"बसवायचीच नाहीये. घरी नेतोय मी. आबांच्या फोटोखाली लावणार. त्यांचं शेवटचं काम आहे."

"आपल्या कोपरीच्या घरात काळुराम पाटलांची पाटी? लोक विचारतील ना, हे कोण लागतात तुमचे."

"विचारू दे. अर्धी आहे तशी राहील ती. आबा जिथे थांबले तिथे."

"दादा, टॉवरवाल्यांची पाटी आहे ती."

"त्यांना दुसरी करून दे. तुला काय, भरभर होतं सगळं." त्याने पाना थोडा दाबला. "त्या दिवशी पण भरभर निघून गेलेलीस ना? थांबली असतीस तर..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. पाना सोडला नाही.

वर्षालीने मशीन चालू केलं. सुई गरगरू लागली.

"हात काढ."

"वर्षाली, आबांनी थांबवलंय ते."

"आबांनी नाही थांबवलेलं. त्यांचं बटण दाबायचं राहिलं. हात काढ, सुई सरकणार आहे."

त्याने हात काढला. तिने पाटीच्या कोपऱ्यावर सुई आणून मशीनला जागा पुन्हा दाखवली. मग ती वाकली आणि शेवटच्या नावावर जोरात फुंकर मारली. पितळेचा कीस उडाला, थोडा साईनाथच्या शर्टावर बसला. तिने नाव वाचलं. अक्षर अक्षर, ओठ हलवत, गुणाजी वाचायचे तसं. चूक नव्हती.

तिने बटण दाबलं.

सुई 'का'च्या डोक्यावर उतरली आणि सरळ चालत गेली. एकेक अक्षर रेघेला लागलं, वेलांटीसुद्धा. सुई वर उचलली गेली.

"झालं तुझ्या मनासारखं?" साईनाथ शर्ट झटकत म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मशीनशेजारी एक स्टूल होतं. आबांना बसायला म्हणून तिनेच आणलं होतं, आणि ते त्यावर कधी बसले नव्हते.

"आबा, तुमचं चुकलं," ती स्टुलाकडे बघून म्हणाली. "माझा मार्ग चालवला असता, तर त्या संध्याकाळी तुम्ही घरी असता."